सहाचाकी मिस्त्री

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर भाताच्या आवणीचं काहीतरी विचारायचो. बायकोलाही सांगितली नाही. ती गेली तेव्हा आपला नवरा त्या दिवशी नशिबानं वाचला, एवढंच तिला माहीत होतं. आता मी सत्तरी ओलांडली आहे. जव्हार-मोखाडा चालवायचो ती प्रवासी जीप विकली, परमिट गेलं, घाबरायला काही उरलं नाही. तरीही कदाचित लिहिलं नसतं. पण गेल्या महिन्यात जव्हारच्या स्टँडवर उभा असताना एक तरुण ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत पाय घालून ब्रेक दाबत म्हणाला, "हे काय करून आणलंस? सहाचाकी काम हाय हे." दुसरा हसला.

मी विचारलं, "सहाचाकी म्हणजे काय रे?"

"म्हणजे फालतू काम, काका. ब्रेक बिघडवून ठेवला की सहाचाकी म्हणतात."

"का म्हणतात?"

"कोण जाणे. पहिल्यापासून म्हणतात."

पहिल्यापासून नाही म्हणत. सहाचाकी हे एका माणसाचं टोपणनाव होतं. त्यानं माझ्या जीपला शर्यतीच्या गाडीचं काहीतरी बसवलं, त्यामुळे ब्रेक गेला आणि मोखाड्याच्या अलीकडच्या उतारावर जीप उलटली, असं सगळे सांगतात. ते खरं नाही. ब्रेकमध्ये दोष नव्हता. दोष माझा होता, आणि मी तो त्यांच्यावर जाऊ दिला. कसा, ते सांगणारच आहे. पण आधी ते कसे होते ते सांगू दे, कारण त्यांच्यामागे आता हा एक शब्दच उरला आहे आणि तोही उलट्या अर्थानं.

गावाबाहेर, मोखाड्याचा रस्ता सुरू होतो तिथं त्यांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. ते मूळचे दाभोशाकडच्या पाड्यातले. घरी जमीन नव्हती, आईबाप दरवर्षी वीटभट्टीवर जायचे. हे तरुणपणी मुंबईला गेले, तिथं एका मोठ्या गॅरेजात पंधराएक वर्षं राहिले आणि परत आले ते ब्रेकचे कारागीर होऊन. परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरा शर्ट होता. पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा. पुढे कायम तोच वेष. पांढरा शर्ट घालून ते जीपखाली शिरायचे. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हसा. शर्ट पांढरा घेऊन बाहेर आलो तर समजायचं काम बरोबर झालं. डाग पडला तर कुठंतरी गळतंय, परत आत जायचं." आणि खरोखर जायचे. मी त्यांना ब्रेकच्या नळीच्या जोडावरच्या एका नटसाठी चार वेळा आत जाताना पाहिलं आहे, चारही वेळा शर्ट बदलून.

जीपखाली गेले की ते बोलू लागायचे. समोर असताना मोजकं बोलणारा माणूस, पण उताणा झोपला की आवाज बदलायचा, झोपेत बोलल्यासारखा मऊ व्हायचा. बाहेर धुकं उतरलेलं असायचं, समोरचं जांभळाचं झाडसुद्धा दिसायचं नाही, आणि गाडीखालून तो आवाज यायचा. बोलणं नेहमी एकाच गोष्टीचं. एका शर्यतीच्या गाडीचं.

मुंबईच्या त्या गॅरेजात परदेशातून पार्ट यायचे. असाच एक बेअरिंग एका इंग्रजी मासिकाच्या पानांत गुंडाळून आला होता. पानं सहा. त्यांवर एका गाडीची चित्रं, आकृत्या आणि बारीक मजकूर. ग्रां प्री म्हणून जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांच्या शर्यती असतात, त्यातली ती गाडी. तिला पुढे चार चाकं होती, एवढीशी, आणि मागे दोन, भलीमोठी. मिस्त्रींनी ती पानं सायकलच्या... नाही, ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून, त्यात शिवून ठेवली होती. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून. बाहेर काढायची तर टाका उसवावा लागे आणि नंतर परत शिवावा लागे. ते दोन्ही करायचे, न कंटाळता.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे जव्हारात बदली होऊन येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी येणाऱ्या माणसाला त्यांनी ती पानं वाचायला लावली. बँकेचे साहेब, तहसिलातले बाबू, दवाखान्यातली एक डॉक्टरीण, शाळेतले मास्तर. सगळ्यांनी थोडं थोडं वेगळं सांगितलं. मिस्त्री ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बँकवाल्यांनी इथं 'दाब' सांगितला होता. तुम्ही 'पकड' सांगताय. पकड बरोबर हाय." एका साहेबानं घाईत दोन ओळी गाळल्या तर यांनी बोट ठेवून दाखवलं होतं, "साहेब, इथलं राहिलं." न वाचता येणारी पानं त्यांना अशी पाठ होती.

मला त्यांनी ती गाडी किती वेळा सांगितली असेल! मला ते "डायवर" म्हणायचे. नावानं कधीच हाक मारली नाही.

"बघ डायवर. बाकीच्यांचं पुढचं चाक केवढं? नाकाच्या वर येतं. गाडी पळते तेव्हा वारा त्याच्यावर आपटतो. वारा म्हणजे पाणीच समज. दाभोशाला धबधब्याखाली उभा राहिलास, तर खांदे मोडतात का नाय? मग ह्या माणसानं काय केलं, चाकच लहान केलं. भाकरीच्या तव्याएवढं. नाकामागं लपलं. पण तव्याएवढं चाक जमीन किती धरणार? नाय धरत. मग?"

इथे ते थांबायचे. उत्तर मी द्यायचं असे.

"मग दोन-दोन लावली."

"दोन-दोन लावली!" जीपखालून पाना वाजायचा. "पुढं चार. आणि चारी चाकांना ब्रेक. थांबताना गाडीचं वजन पुढं येतं, तिथंच धरायला चार हात. दुसरा जिथं ब्रेक मारतो तिथून हा आणखी आत जातो, मग मारतो. लोकांना वाटतं ती पळायला केलीय. ती थांबायला केलीय."

गाडीच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या होत्या, काचेसारख्या. चालवणाऱ्याला आपली बारकी चाकं दिसावीत म्हणून. मिस्त्रींना त्या खिडक्यांचं फार अप्रूप. "तेवढ्या वेगात असताना माणसाला आपली चाकं बघावीशी वाटतात. आणि करणाऱ्यानं ते ओळखलं. केवढा माणूस असंल तो!" ती गाडी ज्यानं आखली त्याचं नाव ते घेत नसत. "तो माणूस" म्हणायचे. वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं.

पानांवर एक फोटो होता, ती गाडी पहिल्यांदा लोकांना दाखवली तेव्हाचा. त्या माणसानं गाडीवर कापड टाकलं होतं आणि पुढच्या चाकांच्या जागी कापडाखाली कड्या उभ्या केल्या होत्या. बघणाऱ्यांना वाटावं, आत नेहमीचीच मोठी चाकं आहेत. मग कापड काढलं आणि लोक बघतच राहिले. काहींना तर थट्टाच वाटली. मिस्त्रींनी हे उचललं. कुणाचीही जीप दुरुस्त झाली की ते तिच्यावर ताडपत्री टाकायचे, ताडपत्रीखाली बांबूच्या कामट्या वाकवून लावायचे, म्हणजे आतल्या आकाराचा पत्ता लागू नये. मालक आला की त्याला समोर उभं करायचं. बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्याचं सोंग बाहेर यायच्या आधी सगळे जसे गप्प होतात तसं गप्प व्हायला लावायचं. मग ताडपत्री ओढायची.

"अरे माझीच गाडी हाय ना ती, मिस्त्री!" लोक म्हणायचे.

"तुझीच. पण नीट बघ की एकदा."

गंमत म्हणजे लोक बघायचे. रोज त्याच जीपमध्ये बसून कंटाळलेला माणूस दोन मिनिटं तिच्याकडे नवी असल्यासारखा बघत राहायचा. मीही बघितलं आहे.

एकदा मोखाड्याकडच्या एका पाड्यात ते टँकरचा ब्रेक करायला गेले होते. विहीर खाली ओढ्याजवळ, घरं वर. बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढत होत्या. परत आले ते विचारातच. महिनाभरानं माझ्या जीपच्या टपावर त्यांनी एक गाडा चढवला. दोन पिंपं बसतील असा. मागे सायकलची दोन चाकं, पुढे चार लहान चाकं. पाड्यावर विहिरीशी नेऊन त्यांनी रीतसर ताडपत्री ओढली. पाड्यावर कुणी कुणाला तुम्ही म्हणत नाही. एक बाई गाड्याभोवती फिरली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुझ्या म्हशीला चार रेडकं झाली का काय?"

सगळ्या हसल्या. पिंपं भरून गाडा चढावर ढकलला तर बारकी चाकं प्रत्येक दगडात रुतायला लागली. दहा पावलांवर गाडा थांबला. त्या बाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता ह्याला पण डोक्यावर घेऊ?" मग दोघी-तिघींनी मिळून पुढचा सांगाडाच उपटला, दांडा धरला, आणि मागच्या दोन चाकांवर पिंपं वर नेली. मला वाटलं मिस्त्री खट्टू होतील. ते दगडावर बसून खुशीत बघत होते.

"कळलं का डायवर? खड्ड्यात लहान चाक बुडतं. हे पानांत नव्हतं. त्या माणसाला पण हे कधीतरी कळलं असंल."

त्यांच्याकडची पानं जिथं संपत होती तिथं ती गाडी जिंकत होती, हे सांगायला हवं. शेवटच्या पानावर स्वीडन देशातली शर्यत होती. सहा चाकांच्या दोन गाड्या, पहिली आणि दुसरी. पुढचं पान बेअरिंगबरोबर आलंच नव्हतं. त्यामुळे तीस वर्षं मिस्त्रींच्या लेखी ती गाडी स्वीडनमध्ये जिंकतच होती. ते मला विचारायचे, "स्वीडनला धुकं असतं का रे?" मी म्हणायचो, असणार, थंड देश आहे. "झाडी असंल?" असणार. मग ते समोर बघत बसायचे. मला वाटतं त्यांचं स्वीडन म्हणजे धुक्यातलं जव्हारच होतं.

मग माझा भाचा ठाण्याहून आला. त्याच्याकडे मोठा फोन होता. मी त्याला मिस्त्रींची गाडी सांगितली आणि त्यानं ती शोधून काढली. हलणारी. आम्ही मिस्त्रींना घेऊन नेट मिळतं त्या माळावर गेलो. संध्याकाळची वेळ होती, खाली दरीत धूर आणि धुकं एक झालेलं. भाच्यानं फोन समोर धरला. मिस्त्रींनी एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"बघा ना मिस्त्री," भाचा म्हणाला.

"चित्र मला ठाऊक हाय, बाबा. आवाज नव्हता ऐकला."

फोन कानाशी धरून ते उभे राहिले. ओठ हलत होते. तीन-चार वेळा त्यांनी ते परत लावायला सांगितलं. माळावरचा वारा, फोनमधलं ते किंचाळणारं इंजिन आणि मधेच कुठल्यातरी पाड्यावरून येणारा गुराच्या गळ्यातला लाकडी ठोका. अशी संध्याकाळ मला पुन्हा मिळाली नाही.

भाच्याला वाटलं, आणखी सांगावं. तो पुढचं वाचत गेला. दुसऱ्या वर्षी गाडी जड झाली. पुढची चाकं बाहेर सरकवावी लागली, म्हणजे नाकामागं लपायची मूळ कल्पनाच गेली. गाडी हरायला लागली. मग ती सोडून दिली. पुढे नियमच आला की चाकं चारच हवीत. "आणि ज्यानं आखली होती ना, तो ती टीम सोडून गेला," भाचा म्हणाला. मी त्याला खूण करत होतो, पण त्याचं लक्ष फोनमध्ये.

मिस्त्री माळ उतरून घरी गेले. तीन दिवस शेड बंद. चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे, पांढऱ्या शर्टात. म्हणाले, "त्या पोराला विचार, बारके टायर कोण करायचं."

भाच्याला फोन लावला. त्यानं वाचून सांगितलं ते असं, की तसले बारके टायर ह्या एकाच गाडीला लागत होते. मोठे टायर सगळ्यांनाच लागत, म्हणून त्यांच्यावर सारखं काम व्हायचं. बारके मागे राहिले.

"मला वाटलंच," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "मागची चाकं शहाणी होत गेली आणि पुढची होती तशीच राहिली. मग गाडी वळणार कशी? त्याच्या आखणीत खोट नव्हती. दुसरीकडची खोट त्याच्या नावावर गेली. आणि त्याला वाटत असंल, आपलंच काहीतरी चुकलं. घरी बसून आपल्याच रेघा तपासत असंल तो." मग म्हणाले, "कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे होतं त्याला."

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या जीपचा ब्रेक केला. माझी जीप जुनी, ब्रेक लावायचा तर पेडलवर अर्धं उभं राहावं लागे. मिस्त्रींनी भिवंडीच्या भंगारातून एका नव्या गाडीचा बूस्टर आणला. पातेल्याएवढा काळा डबा. दोन दिवस खपून बसवला, ताडपत्री टाकली, ओढली. पेडल लोण्यासारखं झालं होतं, अंगठ्यानं दाबावं.

"एकच गोष्ट ऐक," ते म्हणाले. "ह्याला हवा ओढायला इंजिन लागतं. इंजिन चालू, तर हा तुझ्या पायाला मदत करणार. इंजिन बंद, मदत बंद. दोनदा लागंल, तिसऱ्यांदा लागंल, मग दगड."

आमच्या रस्त्यावर सगळे ड्रायव्हर उतार आला की गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे. डिझेल वाचतं. मोखाड्याकडे जाताना तर कुठे बंद करायचं आणि कुठे परत चालू करायचं, त्या झाडांच्या खुणा ठरलेल्या होत्या. जुन्या ब्रेकला त्यानं फरक पडत नव्हता, कारण तो इंजिनाची मदत घेतच नव्हता. 

दुसऱ्या दिवशी पहाटे ते ब्रेक बघायला माझ्या शेजारी बसले. जीप रिकामी. धुकं एवढं की बोनेटच्या पुढे काही नाही. जव्हार मागं पडलं आणि ते त्या मऊ आवाजात बोलू लागले. "पुढं एक गाडी हाय. तिच्या मागं आपण. घाई नको." मी हसलो, पण गाडी चालवत राहिलो. "आता वळण. नाय, अजून नाय. तुला पुढं चार चाकं हायेत... आता." मी ब्रेक दाबला आणि जीप जमिनीला चिकटल्यासारखी वळली. "पुढच्याचं इंजिन फुटलं. धूर बघ." धुकंच ते, पण मला धूर दिसला. "आता पुढं कोण नाय. मागं आपलीच दुसरी गाडी हाय." मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्या रस्त्यावर हजारो वेळा गेलेलो, आणि त्या सकाळी मला रस्ता ओळखू येत नव्हता. माझ्या जीपला त्या तासाभरात सहा चाकं होती. कुणी हसलं तरी चालेल.

आणि उतार आला तसा माझा हात सवयीनं चावीवर गेला. इंजिन बंद झालं. शांतता.

"चालू कर," मिस्त्री ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "आधी चालू कर!"

मी केलं. त्यांनी जीप बाजूला घ्यायला लावली. "तुला सांगितलं होतं ना?"

"सवय आहे हो मिस्त्री. चुकलं."

"तुझ्या मागं माणसं बसतात. मला शब्द दे."

मी शब्द दिला. पुन्हा करणार नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि तो विषय त्यांच्यापुरता कायमचा संपला. दिलेला शब्द त्यांना खिळ्यानं ठोकल्यासारखा वाटायचा.

तीन-चार महिने मी पाळला. मोखाड्याच्या बाजाराचा दिवस होता. जीप गच्च भरलेली. पुढे माझ्याशेजारी साखरशेत गावची एक म्हातारी, लेकीकडे निघालेली. उताराच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं. सगळे करतात, एक उतार तर आहे, असं काहीतरी मनात आलं. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला जड लागला. पुढच्या वळणावर गुरं रस्त्यात उभी होती आणि पेडल दगड झालं होतं. मी दोन्ही पायांनी उभा राहिलो. मग जीप डोंगराच्या अंगाला घातली. ती घासत गेली आणि चरात आडवी झाली.

मागं आरडाओरडा. म्हातारी माझ्या अंगावर. आणि मी, कुणाला बाहेर काढायच्या आधी, अंधारी आलेल्या डोळ्यांनी चाचपून चावी चालूवर फिरवली आणि गिअर टाकला. हे कुणी पाहिलं नाही, आणि उतारावर इंजिन बंद असणं एवढं रोजचं की ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

कुणी दगावलं नाही. म्हातारीचं मनगट मोडलं, ते पुढे कधी सरळ झालं नाही. बाकीच्यांना खरचटलं. संध्याकाळी स्टँडवर सगळे जमले. कुणीतरी म्हणालं, "रेसचा ब्रेक बसवला होता ना? पुढं आणखी दोन चाकं लावायची राहिली वाटतं." हशा झाला, पण रागाचा. मिस्त्री गर्दीतून पुढे आले. ते जीप बघून आले होते. त्यांनी मला एकच विचारलं.

"डायवर, इंजिन चालू होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. परमिट, लायसन्स, म्हातारीचा मुलगा, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"चालू होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. तपासायचं त्यांच्या मनात नव्हतंच. मान खाली घालून म्हणाले, "मग खोट माझी. बघतो मी."

आणि बघत बसले. जीप त्यांच्याच शेडमध्ये होती. ती सुरू केली की ब्रेक लोण्यासारखा. बूस्टर उघडला, नळ्या बदलल्या, झडप बदलली, परत जोडलं. ब्रेक लोण्यासारखाच. मला बोलावून विचारायचे, "आठव. पहिल्यांदा कसा लागला? दुसऱ्यांदा? दगड कधी झाला?" मी खरंच झालं ते सांगायचो, फक्त एक गोष्ट सोडून. ते डोकं धरायचे. "दगड झाला म्हणजे हवा ओढली गेली नाय. इंजिन चालू असताना हवा कुठं जाईल? जायलाच नको." न सुटणारं कोडं मी त्यांच्या पुढ्यात टाकलं होतं आणि समोर बसून चहा पीत होतो.

गिऱ्हाईकं हळूहळू बंद झाली. पण शेड त्यामुळे बंद नाही झाली. एके दिवशी एका ड्रायव्हरनं, सगळं विसरून, ब्रेकचं काम आणलं तर मिस्त्री म्हणाले, "दुसरीकडे ने. माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला." त्या दिवशी मी शेडबाहेरच होतो. आतमध्ये जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. समोर तो ड्रायव्हर उभा होता, म्हणून गेलो नाही. तो गेल्यावर मला उशीर होत होता.

पुढे त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. शेडचे पत्रे कुणी नेले, कळलं नाही.

चार वर्षांनी मी नाशिकला गेलो. त्र्यंबकच्या वाटेनं जाणाऱ्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. घोटून घोटून चारच शब्द ठेवले होते. मुलीनं दार उघडलं आणि ती आनंदानं आत ओरडली, "बाबा, जव्हारचे ड्रायव्हरकाका आलेत!" मिस्त्री खाटेवर बसले होते. फार वाळले होते. मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझा हात धरला.

मी तोंड उघडणार, एवढ्यात तेच बोलले.

"बरं झालं आलास. मी पोरीला म्हणत होतो, एकदा जव्हारला ने. तुला सांगायचं राहिलं होतं." त्यांचा श्वास पुरत नव्हता. "तुझ्या गाडीत काय चुकलं ते मला सापडलं नाय, डायवर. लई शोधलं. तुझ्या मागं माणसं होती. त्या म्हातारीचा हात गेला. मला माफ कर."

मुलगी दारात पदर डोळ्यांना लावून उभी होती. चहा निवत होता. मी त्यांच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला.

"असू द्या मिस्त्री," मी म्हणालो. "झालं गेलं. मी काही मनात ठेवलेलं नाही."

ते हसले. अंगावरचं ओझं उतरल्यासारखे मागे टेकले. मी चहा प्यालो, त्यांच्या पाया पडलो आणि शेवटच्या बसनं परतलो. दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला. ते गेले होते. तुम्ही येऊन गेल्यापासून बाबा शांत झोपायला लागले होते, असं ती म्हणाली, आणि तिनं माझे आभार मानले.

चार शब्द होते. बसमध्ये पाठ केलेले, त्यांच्या खाटेपर्यंत नेलेले आणि तसेच परत आणलेले. मिस्त्री, इंजिन बंद होतं.